नव्याण्णव त्र्याहत्तर

वरच्या मजल्यावरचे साने रोज आपली गाडी माझ्या फाटकासमोर लावतात. नंबर ९९७३. "खास निवडून घेतलाय, मॅडम. बेरजेला एक येतो. लकी!" असं मलाच वर ऐकवतात.

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. दिसेल तो आकडा फोडून बघायची खोड अजून जात नाही. याला तीनने भाग जाईना. सातने भागलं तर पाच उरले, तेराने दोन. चिडून फाटकाशीच उभी राहून मी पार सत्त्याण्णवपर्यंत गेले. त्यापुढे बघावं लागत नाही. मूळ संख्या! एक आणि ती स्वतः, इतर कुणाला आत प्रवेश नाही. अशा संख्यांना बिचाऱ्या, एकाकी म्हणणाऱ्यांची मला चीड येते. एकाकी कसली? माजोरडी आहे ती. कुणासाठी तसूभर हलत नाही.

माझ्या स्कूटरचा नंबर ७२००. दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, नऊ, जो येईल त्याने भाग जातो.

"गाडी जरा पुढे घेता का?" मी आजही विचारलं.

साने हसले. "निघेल हो तुमची स्कूटर कडेने."

आणि मी ती काढलीही, कडेने, पोट आत घेऊन.