कोंबड्याची इस्त्री आणि पुंडलिकरावांचे बैल

आनंदाबाईला इस्त्री तापली की नाही हे कळायला कुठलं यंत्र लागत नाही. ती बोटं पाण्यात बुडवते आणि इस्त्रीच्या बुडावर एक थेंब उडवते. थेंब नुसता पसरला तर इस्त्री थंड. बसल्या जागी चुरचुरला तर कामाची. आणि टुणकन उडून गेला तर इस्त्री बाजूला ठेवा, नाहीतर तहसीलातल्या एखाद्या बाबूची पँट जळाली म्हणून समजा.

पवनीला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझ्या घरासमोरच तिचं घर. दाराशी लाकडी टेबल, टेबलावर जुनं घोंगडं, घोंगड्यावर पितळेची कोळशाची इस्त्री. इस्त्रीच्या झाकणाला कडी आहे आणि कडीवर एवढासा पितळेचा कोंबडा. मालक गेल्यावर या कोंबड्यानंच तिचं घर चालवलं आणि पोराला शिकवलं.

एकदा एका नवरदेवाचा कोट तिच्याकडे आला. वरात निघायची वेळ झालेली, आणि बाई म्हणे, कोळसा अजून फुलला नाही. नवरदेव बनियनवर ओट्यावर बसून राहिला. बँडवाल्यांनी तिथंच उभ्यानं चार गाणी वाजवून टाकली. पण कोट असा काही निघाला की लोक नवरी सोडून कोटाकडेच पाहत होते. हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. कारण माझाही शर्ट तिच्याकडेच अडकला होता आणि नवरदेवाशेजारी मीही बनियनवरच होतो.

तिचा एकच नियम. कापडावर हात थांबला की डाग पडते. म्हणून चाळीस वर्षांत तिचा हात थांबला नाही. आता तर इस्त्री हाती नसली तरी चालतो. चहाची बशी धरली की बशी पुढं-मागं सरकते. नातवाला थोपटायला बसली तर ते लेकरू पार कडेला जाऊन पोहोचतं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या सुनेनं, रुचितानं, घराच्या समोरच्या खोलीत टी-शर्ट छापायचं दुकान टाकलं. पोरगी मोठी हुशार. लाकडी चौकटीला ताणलेली जाळी, तिला ही स्क्रीन म्हणते, ती कापडावर ठेवायची आणि रबरी पट्टीनं रंग ओढायचा की खाली अक्षरं उमटतात. रंगीत फोटो असला तर तो नागपूरहून फिल्मवर छापून येतो. ती फिल्म शर्टावर पालथी ठेवायची, वरून तापलेल्या मशीनचं झाकण दाबायचं, पंधरा सेकंद थांबायचं आणि थंड झाल्यावर फिल्म सोलायची. फोटो शर्टावर. मला तर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्याही.

दुकान वाढलं तशी जागा कमी पडू लागली. मग रुचितानं एक दिवस सासूला प्रेमानंच सांगितलं की आई, आता खूप झालं, आराम करा. टेबल मागच्या अंगणात ठेवू, आणि इस्त्री रविवारी भंगारवाला येतो त्याला देऊन टाकू, पितळेला भाव चांगला आहे. सून काही वाईट बोलली नव्हती. पण आनंदाबाईला आराम हा शब्द शिवीसारखा लागला. संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि तिचा हात पायरीवर नुसता फिरत राहिला. म्हणाली, "भाऊ, इस्त्री गेली तर मी त्या घरात कोण? दोन वेळा जेवणारी म्हातारी."

मी तिला सुपारी दिली.

आता पुंडलिकराव. हे कोंढा गावचे धान पिकवणारे शेतकरी, पण धानापेक्षा त्यांचा जीव बैलात. भिंगऱ्या आणि पाखऱ्या ही त्यांची शंकरपटाची जोडी. पटात बैल धावतात बारा-पंधरा सेकंद, पण पुंडलिकराव त्याच्या गोष्टी पुढच्या पटापर्यंत सांगतात. त्या रविवारी कोंढ्याजवळच पट होता आणि त्यांना जोडीमागं धावणाऱ्या चाळीस माणसांसाठी टी-शर्ट पाहिजे होते. पाठीवर गावाचं नाव, छातीवर जोडीचा रंगीत फोटो. शनिवारी पाचला येतो, असं सांगून गेले. जाताना गिऱ्हाइकांची आणखी दोन गावं हातात आहेत असंही सांगून गेले, म्हणजे काम बिघडलं तर ती दोन्ही गावं गेलीच.

पाठीवरची नावं स्क्रीननं छापून, सुकून तयार होती. फिल्म शनिवारी सकाळच्या बसनं आल्या. रुचितानं मशीन लावलं, आणि अकराच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी विजेच्या डीपीतून धूर निघाला आणि लाइट गेली. लाइनमन आला, मान वर करून पाहिलं, मान खाली करून म्हणाला, उद्या दुपारी. रुचितानं भंडाऱ्याला फोन लावले, लाखांदूरला लावले. मशीनवाल्या सगळ्यांकडे पटाचीच कामं. फोन लावता लावता मोबाइलही मेला. पोरगी चाळीस कोऱ्या छात्यांसमोर बसून राहिली.

मग तिनं दाराकडं पाहिलं. कोंबडा तिच्याकडंच पाहत होता.

"आई, तुमची इस्त्री किती तापते?"

"आता कायले विचारते?" आनंदाबाई म्हणाली. "ते तर उद्या भंगारात जाऊन राहिली."

मग रुचिताचा चेहरा पाहिला तिनं. उठून कोळसा पेटवायला लागली.

थेंब चुरचुरला. पहिला शर्ट टेबलावर आला, त्यावर फिल्म, त्यावर बटर पेपर. आनंदाबाईनं इस्त्री ठेवली आणि तिच्या हातानं चाळीस वर्षं केलं तेच केलं. सरकला. फिल्मखालचा गोंद वितळलेला, त्यामुळे फिल्मही सरकली. सोलून पाहतो तर भिंगऱ्या-पाखऱ्याचे पाय मागं ओढले गेलेले, शेपट्या पार काखेपर्यंत. दुसरा शर्ट, तेच. तिसऱ्याला बाईनं दात खाऊन हात धरायचा प्रयत्न केला, तरी शेवटच्या क्षणी हात सुटलाच. फिल्म मोजून चाळीस होत्या. तीन गेल्या.

आनंदाबाईनं इस्त्री बाजूला ठेवली. म्हणाली, "मायाच्यानं होत नाही. हात ऐकत नाही. देऊन टाक उद्या."

मी तिला असं हरलेलं कधी पाहिलं नव्हतं. रुचितानं एक मिनिट विचार केला, मग टेबलाच्या पलीकडून या बाजूला आली. सासूच्या मागं उभी राहिली आणि तिची दोन्ही मनगटं घट्ट धरली. "दाबा," म्हणाली. आणि शेजारी उभ्या मला, "आबाजी, तुम्ही पंधरा मोजा."

माझ्याजवळ ना घड्याळ, ना चष्मा. पण गुरुजींनी छडीनं घातलेला तेराचा पाढा अजून आहे, आणि तो एका दमात म्हटला की बरोबर पंधरा सेकंद होतात. तेरा एके तेरा. बाईचा हात सरकायला निघाला, सुनेनं दाबून धरला. तेरा पाचे पासष्ट. दोघींचा भार इस्त्रीवर, दोघींच्या कपाळावर घाम. तेरा दाहे एकशे तीस. इस्त्री उचलली, शर्ट थंड होऊ दिला, फिल्म सोलली. बैल जागच्या जागी उभे, शिंगासकट.

मग काय, पाढा, इस्त्री, शर्ट. पाढा, इस्त्री, शर्ट. तेरानं कंटाळा आला म्हणून मी मधे सतराचा घेतला, तर आठाशी अडलो, आणि दोघी इस्त्री दाबून मला शिव्या देत उभ्या. गल्लीतून जाणारे थांबून पाहायचे. कोणी म्हणे, सुनेनं सासूला पकडून ठेवलं आहे वाटते. आनंदाबाई त्यांना म्हणायची, "पकडली नाही, शिकवून राहिली." पंधराव्या की सोळाव्या शर्टाला ती मान न वळवता म्हणाली, "सोड आता. समजलं हाताले."

रुचितानं सोडलं. हात थांबून राहिला. मी पाढा विसरून पाहत राहिलो, आणि तो शर्ट जरा जास्तच तापला.

पाचला पुंडलिकराव आले. सदतीस शर्ट पाहून खूश. मग उरलेले तीन कुठं म्हणून विचारलं. रुचिता खाली मान घालून ते तीन घेऊन आली, पैसे कापून घ्या म्हणाली. पुंडलिकरावांनी एक उघडला. ताणलेले पाय, मागं उडालेल्या शेपट्या. शर्ट उजेडात धरला. आनंदाबाईचा हात पदरावर चालू झाला होता.

"हे काय केलं?" पुंडलिकराव म्हणाले. "त्या सदतिसांत माये बैल बाजारात उभे आहेत. हे तर पळून राहिले ना बाई."

तो शर्ट त्यांनी तिथंच, अंगातल्या सदऱ्यावर चढवला.

पटात जोडी चौथी आली. पण सोमवारी सकाळी दोन पोरं दुकानात हजर, त्यांना पुंडलिकरावांसारखे धावते बैल पाहिजे होते. वीज आली होती, मशीन सुरू होतं, पण मशीनला सरकता येत नाही. रुचितानं टेबलाकडं पाहिलं.

"आई, जरा हात हलवून द्या ना."

"परवा थांबव म्हणे, आज हलव म्हणे," आनंदाबाई म्हणाली. "आधी ठरव."

भंगारवाला रविवारीच येऊन गेला होता. त्याला रुचितानं जुना टेबलफॅन दिला. टेबल दाराशीच आहे, थोडं आत ओढलं आहे इतकंच, आणि आता त्यावर दोन ढीग असतात. एक कपड्यांचा, एक टी-शर्टांचा. मीही दुपारी तिथंच बसतो. सतराचा पाढा परत पाठ करून राहिलो आहे, कारण पुंडलिकरावांनी पाठवलेल्या त्या दोन गावांच्या ऑर्डरी आल्या आहेत आणि त्यातल्या एकाच्या बैलांचा फोटो मोठा आहे, त्याला तेरा पुरत नाही.

आनंदाबाई म्हणते, आठाशी अडलात तर याद राखा.