दाजींची बैलगाडी

आमच्या तालुक्याच्या गावचा बैलबाजार मी तसा टाळतो. बैल घ्यायचा नसतो, ठेवायला जागा नाही, आणि बायकोच्या मते घरात एक आहेच. पण यंदाच्या उन्हाळ्यात एका मित्राबरोबर गेलो आणि तिथं एक पांढरा बैल बघितला. मुखेडकडून पहाटेच टेम्पोत घालून आणलेला. दुपार झाली तरी गिऱ्हाईक नव्हतं. बाजारातल्या सिमेंटच्या हौदाला जीभ लावून तो कोरडी भिंत चाटत होता. हौदाच्या नळाची तोटी कुणीतरी कधीच काढून नेलेली. आत गुटख्याच्या पुड्या आणि सुकलेले हार.

घरी येऊन मी जेवताना जाहीर केलं, "धरणं धरायचं. शांततेत. हौदाला पाणी येईपर्यंत दर बाजाराला."

"तुम्ही?" बायको म्हणाली. "गिरणीत कुणी रांगेत मधे घुसलं तर त्यालाच 'आधी तुमचं दळून घ्या' म्हणता तुम्ही."

खरं होतं. म्हणून शेजारच्या निवृत्त गुरुजींना सोबत घेतलं. दोघांचं ठरलं: हौदाशेजारी सतरंजी, हातात पुठ्ठ्याच्या पाट्या, घोषणा नाहीत, आणि बाजार समितीच्या साहेबांना एक निवेदन. हे एवढ्यावरच राहिलं असतं. पण बायकोनं माझ्या बहिणीला फोनवर सगळं सांगितलं आणि रविवारी लातूरहून दाजी आले.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक. मिरवणुका, सत्कार, उद्घाटनं यांत त्यांचा हात धरणारा कुणी नाही. शिवाय आमच्या घरात जावयाच्या शब्दाला नको म्हणायची रीत नाही. दाजी एकदा म्हणाले होते, घराला पोपटी रंग द्या. घर अजून पोपटी आहे.

"सतरंजीवर बसून काय व्हतंय?" दाजींनी पाट्या बाजूला सारल्या. "कुत्रं बी ढुंकून बघणार न्हाई. बैलगाडी काढा! खिल्लारी जोडी, शिंगं रंगवून, झुली घालून. बसस्टँडापासून मिरवणूक. गाडीत उभं राहून निवेदन द्यायचं. फोटो बघा मंग कसा येतो."

"किती वाजता?" गुरुजींनी विचारलं.

"साहेब जाग्यावर येतेत बाराला. मंग बाराला."

गुरुजी माझ्याकडं बघू लागले. मी वाटीतल्या आमरसाकडं. जनावरांना उन्हात तहानलेलं उभं करू नका, हे सांगायला भर वैशाखात, भर बाराला, डांबरी सडकेवरून बैल न्यायचे. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "कल्पना झकास आहे, दाजी."

बायकोनं त्यांना आणखी आमरस वाढला, मला वाढला नाही.

मग रोज दाजींचा फोन. ढोल ठरला. फ्लेक्स झाला. त्यावर दाजींचा फोटो मोठा, माझा आणि गुरुजींचा छोटा. बैल कुठंय विचारलं, तर "जागा उरली की टाकू." शेवटी आदल्या दिवशी ते म्हणाले, "जोडी अर्धापूरहून मागवायलोय. सकाळीच टेम्पोत घालतेत."

टेम्पो म्हटल्याबरोबर मला तो पांढरा बैल आठवला.

"दाजी, बैलगाडी नको."

"नको म्हंजे?"

"बैलच नको उन्हात. तुम्ही या. सतरंजीवर बसू."

"मी? सतरंजीवर?" फोन बंद. थोड्या वेळानं बहिणीचा आला. "जेवले न्हाईत रे ते. जावयाला नको म्हणतेत का कुणी? काय त्या हौदाचं लावलंस!"

बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं: मी, गुरुजी आणि थंड पाण्याचा जार घेऊन बायको. गुरुजींनी खराट्यानं हौद झाडला. ऊन चढलं तसा एक शेतकरी येऊन सतरंजीचं टोक चिमटीत धरून म्हणाला, "केवढ्याला दिली?" विकायची नाही, पाण्यासाठी बसलोय, असं सांगितलं. "मंग पाणी कवा येणार?" तो म्हणाला. आम्ही तिघंही पाट्या चाचपू लागलो.

साहेबांनी निवेदन घेतलं, "बघू" म्हणाले. एक वार्ताहर आला, त्याला दाजींनीच आधी कळवलेलं होतं.

"बैलगाडी कुठाय?"

"नाही आणली."

"मंग फोटो कशाचा काढू?"

"या हौदाचा."

"कोरडा हौद कोण बघतंय, काका?" गाडीला किक मारून तो गेला.

बायको उठली. आम्हाला प्यायला आणलेला जार तिनं हौदात ओतला. तापलेल्या सिमेंटवर पाणी पसरलं, तळ ओला झाला, एका कोपऱ्यात टीचभर साचलं. शेजारचा एक तांबडा बैल दावं ताणून आला आणि दोन घोटांत ते संपवून मान वर करून माझ्याकडं बघत राहिला. त्याला वाटलं असणार, अजून येतंय.

खिशात फोन वाजत होता. बहिणीचाच. मी तो तसाच वाजू दिला आणि रिकामा जार उपडा करून बैलाला दाखवला. तरी तो हलेना.