जवसाचं पाणी आणि हिराचे केस

हिराची गोष्ट निघाली की माझं डोकं आजही फिरते. आधी तिच्या सासूवर, मंग तिच्यावर, अन् शेवटी माझ्या स्वतःवर. मी कांता. सेक्टर सहामध्ये आमचं क्वार्टर तिच्या क्वार्टराले लागून. कारखान्याच्या भट्ट्या तेव्हा नव्यानंच पेटल्या होत्या आणि आमचे दोघींचे नवरे एकाच शिफ्टमध्ये होते.

हिराचे केस कुरळे. असेतसे नाही, बोटाले गुंडाळलेल्या लोकरीसारखे. काटोलले मावशीच्या घरी तिले पाहाले पाहुणे गेले, तेव्हा मुलीचे केस सोडून पाहाची रीत होती. अन् कुरळ्या केसाची पोरगी हट्टी निघते, असं पाहुण्यांच्या घराचं ठाम मत! म्हणून तिच्या मावशीनं काय केलं, तर जवस उकळून त्याचं चिकट पाणी केसांना चोपडलं आणि फणीनं ताणून ताणून सपाट केले. पाहुण्यांनी पोरगी पसंत केली. मावशी सुटली, हिरा अडकली.

तेव्हापासून ही बाई रोज नळ यायच्या आधी उठे, न्हाणीची कडी लावून तेच पाणी केसांना लावे आणि घट्ट आंबाडा बांधे. आम्ही बाया न्हाऊन अंगणात केस वाळवत बसू, ही कधी बसली नाही. ओलेच बांधून टाके. ओढून ओढून कपाळावरचे केस मागे गेले, डोकं रोज ठणके. एकदा मी विरजण मागाले गेली, तर न्हाणीची कडी लागली नव्हती. मी ते कुरळे केस पाहिले. तिनं माझे हातच धरले.

"कांताबाई, कोणाले सांगू नका. सासूबाई मले माहेरी पाठवून देतील."

"अवं, नवऱ्याले माहीत आहे का?"

"आहे. ते म्हणते, आईले समजू देऊ नको."

घ्या! मर्द माणूस!

मंग मीनल झाली, अन् पोरीचं डोकं कुरळ्यांनी भरलं. सासू दुर्गाबाई म्हणे, "आमच्या घरात असे केस कोणाचेच नाही. हे आले कुठून?" जावळ काढलं, पुन्हा कुरळेच आले. वस्तरा फिरवत राहिलं की केस सरळ येतात, असं तिचं म्हणणं. मंग दर उन्हाळ्यात पोरीचं डोकं चकोट. पोरं मागं लागत, "टकली, टकली!" हिरा चूप. बोलली तर विचारतील ना, तू कावून एवढी कळवळून राहिली? मले असा संताप येई! पण मीही चूपच बसली.

शाळेत नाव घालाच्या आदल्या दिवशी हिंदी बोलणारा न्हावी टिकाराम त्यांच्या अंगणात आला. मीनल धावत आमच्या घरात घुसली आणि पलंगाखाली लपली. मी वाकून पाहिलं.

"मावशी, आईले सांगू नको," ती म्हणाली. "आईच मले धरून देते."

तिले न्यायला आलेली हिरा माझ्या दारातच उभी होती. तिनं ऐकलं. सरळ आपल्या अंगणात गेली, आंबाडा सोडला आणि भरलेली बादली डोक्यावर ओतली. जवसाचं पाणी निथळलं तसे केस वर उसळले.

"पाहा सासूबाई. हे इथून आले."

दुर्गाबाई तिथंच सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबलासुद्धा नाही.

"मले लग्नाच्या चौथ्याच दिवशी समजलं. उशीवर तुझा कुरळा केस होता. पण तू भिऊन होती, म्हणून घरात शांतता होती. बसव पोरीले न्हाव्यापुढं."

सात वर्षं! माझ्या अंगाची आग आग झाली. मंग हिरानं टिकारामच्या हातातला वस्तरा घेतला, मिटवला आणि त्याच्या पेटीत टाकला. "भैया, जाओ. अब मत आना."

दुसऱ्या दिवशी तिनं जवस उकळलंच. पण फणी घेतली नाही. मीनलच्या बोटभर केसांना पाणी लावून बोटांनी एकेक बट वळवली, मंग स्वतःची वळवाले बसली. पोरगी टक लावून पाहत होती. तिनं हळूच आईच्या डोक्याले हात लावला.

"आई, हे केस कोणाचे?"

हिराले "माझे" म्हणता म्हणता रडू फुटलं.