पायातले गोळे

वाळत्या आमसुलांचा वास आला की पोलादपूरचा घाट आठवतो. त्या मे महिन्यात लांबच्या सायकलस्पर्धेच्या तयारीसाठी मी भर उन्हात घाट चढायचो आणि रोज त्याच वळणावर पायात गोळे येऊन माघारी फिरायचो. तिथे अंगणात आमसुलं वाळत घालणाऱ्या काकीने एकदा हटकलं, "रोज घरी काय विसरतोस रे? अर्ध्यातनं परत जातोस!" लाजेखातर म्हणालो, "पाणी." दुसऱ्या दिवशी ती कोकमाचं खारट पाणी घेऊन रस्त्यातच उभी. "घे. आता मागं फिरायचं नाय." त्या दिवशी पहिल्यांदा माथा गाठला. ओरडतच खाली आलो, तर काकीने कपाळाला हात लावला, "आज काय विसरलास?" म्हटलं, "पायातले गोळे, काकी! वरच विसरलो." अजून तरी ते परत आलेले नाहीत.