कुंपणातला कोंबडा

“चोरीसन खा, पन पिकेल खा; कच्ची माले लोनचाले लागतस,” असं भागाबाई कुंपणाजवळ घुटमळणाऱ्या कुणालाही सांगायची.

चाळीसगावच्या त्या वसाहतीत सगळ्यांनी घराभोवती भिंती घातल्या, भागाबाईने करवंदं लावली. पाटणादेवीच्या डोंगराखाली तिचं माहेर. तिथून ओल्या फडक्यात रोपं आणली, पहिल्या उन्हाळ्यात पाणी घातलं आणि मग विसरली. झुडपंही तिला विसरून वाढत गेली. वैशाखात नळ नुसतेच खरखरतात, अंगणं राखेच्या रंगाची होतात, तेव्हा हे कुंपण मात्र कुणावर तरी राग धरल्यासारखं हिरवंगार उभं असतं. भागाबाईच्या घरी माणूस येतो तो या करवंदांसाठी किंवा त्यांच्या लोणच्यासाठी. एरवी दार वाजत नाही.

कुंपण शेजारच्या लीलाधर नानांच्या हद्दीला लागून. नानांना तिथे भिंत हवी होती. दर वैशाखात त्यांच्या सदऱ्याची उजवी बाही फाटायची. “जाता-येता काटे ओढतात,” ते सांगत. रफू करून करून त्यांची बायको बेबाबाईही कंटाळली होती. “आणि फळ तरी काय कामाचं? शेळ्यांचं खाणं. आमच्या घरात कुणी तोंडात घालत नाही,” हे नाना चारचौघांत ठासून सांगत.

शेवटी त्यांनी कुंपण तोडायला मजूर तोतारामला कोयता घेऊन बोलावलंच. तो ओट्यावर बसून तंबाखू मळत होता, तेवढ्यात भागाबाई ताटलीत पिकली करवंदं घेऊन नानांच्या बैठकीत आली.

“नाना, कोंबडा-कोंबडी खेळूत. मी चार फोडसू. तुम्ही बठ्ठा, चारी वळखी काढा, कुंपन तोडी टाका. एक बी चुकनं, ते ऱ्हाऊ द्या.”

हा पोरांचा खेळ. करवंद फोडण्याआधी सांगायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. बाहेरून सगळी सारखीच काळी. पण एका झुडपाची सगळी फळं आतून एकाच रंगाची, हे झुडपाशी घसट असलेल्याला कळतं.

नाना नातवंडांशी कॅरमसुद्धा जिंकण्यासाठीच खेळत. ते सरसावून बसले.

“कोंबडा,” ते म्हणाले. भागाबाईने फोडलं. लाल.

“कोंबडी.” पांढरं.

तोताराम तंबाखू मळायचा थांबला. बेबाबाई हातातली सुई तशीच धरून दारात आली.

“हे निमुळतं ना? कोपऱ्यातल्या झुडपाचं. कोंबडा,” नाना आता रंगात आले होते. “आणि हे नळाजवळचं. कोंबडी. पण भागाबाई, हे घाईनं तोडलं तुम्ही. त्या झुडपाचं दोन दिवस ठेवलं की मग गोड लागतं.”

भागाबाईने दोन्ही फोडली. एक लाल, एक पांढरं.

“जिंकलो,” नाना म्हणाले. “चल रे तोताराम.”

तोताराम उठला नाही. तो बेबाबाईकडे बघत होता.

“तुम्ही ते तोंडमा बी टाकत नहीत ना?” बेबाबाई म्हणाली. “मंग कोनतं कवय, कितला दिनमा गोड लागस, हाई तुम्हले कोनी सांगं?”

“अंदाजानं,” नाना म्हणाले.

बेबाबाईने त्यांचा उजवा हात धरला आणि बाही कोपरापर्यंत वर सारली. मनगटापासून वर ओरखडेच ओरखडे, काही जुने, काही कालचे. कोपऱ्यातल्या झुडपाजवळून कुणाचीच वाट जात नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. तोतारामलाही.

“जाता-येता ओढतस, नही?” ती म्हणाली. मग ओट्याकडे वळली. “तोताराम, कोयता लई घर जा भाऊ. आठे भीत बांधनी नही.” आणि सुई-दोरा तिने नानांच्या मांडीवर ठेवला.

नाना जिंकलेल्या माणसासारखे ताठ बसून राहिले.

भागाबाईने उरलेली करवंदं ताटलीत गोळा केली, ताटली नानांच्या पुढ्यात सरकवली, पदर खोचला आणि बाहेर पडली.