गाडीतला गरम वारा

एसीतून तापलेल्या धुळीचा वास आला की मला मारतहळ्ळीच्या रस्त्यावरची ती उन्हाळी दुपार आठवते. केमोनंतर आईला घरी नेत होतो आणि बाबांच्या जुन्या परदेशी गाडीचा ऑटोमॅटिक एसी गरम वाराच फेकत होता. बाबांनी गाडी कडेला घेतली, डॅशबोर्डखाली डोकं घालून गाडीतलं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची सुटलेली रबरी नळी बसवली. तरी वारा गरमच. “थांब, फ्यूज बघतो,” ते मला म्हणाले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मागच्या सीटवरून आई हळूच म्हणाली, “अहो, पुरे आता. मला थंडीच वाजतेय, असू दे गरम.” बाबांनी फ्यूजचं झाकण परत बसवलं आणि गाडी सुरू केली. मग काचा बंद ठेवून, घामाने निथळत आम्ही घरी आलो. त्या दिवसांत बाबांना दुरुस्त करून बघता येईल अशी गोष्ट म्हणजे तेवढा एसीच होता, हे मला आत्ता कळतं.