सात शर्टांचं गणित

“आत्या, यात बेरीज करायची की वजाबाकी?”

हा प्रश्न कानावर पडला की कातरबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. विचारणारं पोर असायचं आठ-नऊ वर्षांचं, एक मोजा वर, एक खाली, हातात चार ओळींचं गणित. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? पण कातरबाई हातातली कात्री टेबलावर ठेवायची, आणि तिने कात्री ठेवली की गल्लीतली शहाणी मंडळी दोन पावलं मागे सरत.

“गणित वाचलंस का?” ती विचारायची.

“वाचलं.”

“मग सांग, कोण आहे त्यात? काय करतोय तो? त्याच्या हातात काय आहे?”

पोर खालचा मोजा वर ओढायचं. त्याने गणित वाचलेलंच नसायचं. शाळेने भिंतीवर एक तक्ता लावला होता आणि तो सगळ्यांना तोंडपाठ होता. ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ दिसलं की भागाकार. पोरं गणितात तेवढा एक शब्द हुडकायची आणि बाकीच्या गोष्टीवरून डोळे मिटून उडी मारायची. तो तक्ता ज्याने लिहिला त्याला एकदा समोर उभा करा, कापडाऐवजी त्यालाच कापते, असं ती म्हणायची, आणि गंमत म्हणून म्हणत नसे.

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात ती कापड कापायची. एकतीस वर्षं तेच काम. तळमजल्यावरची लांबट खोली, मधोमध बारा हात लांबीचं टेबल, त्यावर कापडाचे चाळीस-चाळीस थर, वर खडूच्या रेषा, आणि डोक्यावर पत्र्याच्या टोप्या घातलेले दोन दिवे. एक रेघ चुकली तर चाळीस बाह्या चुकायच्या. तिची रेघ चुकल्याचं कोणाला आठवत नाही. कात्रीला जेवढी धार तेवढीच जिभेला, म्हणून कातरबाई. तिच्या भावाची पोर तिला आत्या म्हणायची, म्हणून गल्लीतली सगळीच पोरं आत्या म्हणू लागली. सख्ख्या नात्याची अट कोणी घातली नाही.

पाचला शिवणयंत्रं थांबली की पोरं दप्तरं घेऊन यायची आणि टेबलाखाली कापडाच्या ताग्यांवर बसायची. मालक आधी कुरकुरला. मग त्याचाच नातू येऊन बसायला लागला, तेव्हा त्याने तोंडाला कुलूप लावलं.

तिचा नियम एकच होता, आधी गोष्ट आणि मग पेन्सिल. एकदा गणित आलं, डाव्या कपाटात बारा वह्या आहेत, त्या उजव्या कपाटातल्या वह्यांपेक्षा तीन जास्त आहेत, तर उजव्या कपाटात किती? ‘जास्त’ दिसल्याबरोबर ओळीने सगळ्यांनी पंधरा लिहिले. कातरबाईने दोन पोरांना उभं केलं, एक डावं कपाट, एक उजवं. डाव्याच्या ओंजळीत बारा रिळं घातली. “आता बोला, जास्त कोणाकडे?” डाव्याकडे, सगळे म्हणाले. “मग उजव्याला पंधरा कुठल्या आनंदात देताय?” उजवं कपाट तोवर आपल्याला कमी मिळणार हे ओळखून रडायला लागलं होतं. नऊ हे उत्तर त्या दिवशी कोणी लिहिलं नाही, सगळ्यांनी ते पाहिलं. नाटकाला तिकीट नव्हतं, पण एवढं मन लावून बघणारे प्रेक्षक पैसे मोजूनही मिळत नाहीत.

तिला स्वतःला तिसरीतून काढलं होतं. काढलं म्हणजे, आधी मागच्या वर्गात बसवलं. कच्च्या मुलांची ती खोली, तिथे शिक्षक आठवड्यातून दोनदा डोकावत, बाकीचे दिवस पाढे उतरवायचे. वर्षभर पाढे उतरवल्यावर तिने दप्तर घरी ठेवलं ते कायमचं. डोक्यात भुसा आहे, असं कोणीतरी म्हणालं होतं आणि घरच्यांना ते पटलं होतं. आज ती एका नजरेत सांगायची की या ताग्यातून किती बाह्या निघतील आणि किती चिंधी उरेल. तो भुसा कुठे गेला, हे विचारायला मात्र कोणी आलं नाही.

आणि ती खोली अजून होती. चौथीच्या शेवटच्या चाचणीत पन्नासपैकी तीस मिळाले नाहीत, तर पाचवीत मागच्या वर्गात. भावाची पोर चौथीत होती. अंगाने इतकी किरकोळ की घरात तिला सुतळी म्हणत. आकडे पाहिले की सुतळीच्या हाताला घाम यायचा, पण गोष्ट म्हटली की ती फुलायची. वर्षभर ती रोज टेबलाखाली बसली होती.

चाचणीचा पेपर हाती आला त्या दिवशी सुतळी कारखान्यात आली. पेपर तेवढा पुढे केला. अठ्ठावीस. कातरबाईने पानं उलटली. चार गुणांच्या एका गणितावर लाल फुली होती. एका शर्टाला दोन मीटर कापड लागते. शिंप्याकडे तीन-तीन मीटरचे पाच तुकडे आहेत. तर किती शर्ट शिवून होतील?

सुतळीने लिहिलं होतं, पाच शर्ट. खाली लिहिलं होतं, एक-एक मीटरचे पाच तुकडे उरतील.

कातरबाईने ते तीनदा वाचलं. शेजारच्या पोराचा पेपर घेतला, त्यावर सात आणि बरोबरची खूण. म्हणजे पाच त्रिक पंधरा, पंधरा भागिले दोन. तक्ता. तिने सुतळीच्या पेपराच्या कडेचं कच्चं काम पाहिलं. तिथे पंधरा भागिले दोन केलेलं होतं, सात आले होते, आणि त्यावर काट मारलेली होती.

“सात आले होते की तुला.”

“आले होते,” सुतळी म्हणाली. “मग मी शिंप्याला बघितलं.”

त्यावर कातरबाईला काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. अभिमान वाटला असेल, पण त्याला जागाच उरली नाही. राग एवढा आला की तिने थर लावलेलं कापड तसंच सोडलं, खाकी कागदाच्या पाच पट्ट्या कापल्या, कात्री पिशवीत टाकली आणि सुतळीच्या मनगटाला धरून ती शाळेत निघाली. एकतीस वर्षांत काम अर्धं टाकून ती पहिल्यांदा बाहेर पडली होती.

शाळा सुटून गेली होती, पण गणिताचे सर अजून वर्गातच होते. तरुण, डोळ्यांखाली काळं, टेबलावर साठ पेपरांचा गठ्ठा. तिने नमस्कार-चमत्कार केला नाही. पाच पट्ट्या टेबलावर अंथरल्या, प्रत्येकीवर खडूने तीन मीटर लिहिलं आणि कात्री त्यांच्या पुढे सरकवली.

“कापा सात,” ती म्हणाली.

सरांनी समजावायचा प्रयत्न केला. सगळं मिळून पंधरा मीटर होतं, पुस्तकाला तेवढंच अभिप्रेत आहे, उत्तरं वरून छापून येतात. ती म्हणाली, वरच्यांनी कधी सुईत दोरा ओवला आहे का ते विचारून या. सर म्हणाले, बाई, मी साठ मुलांना एक उत्तर देऊ शकतो, साठ उत्तरं नाही देऊ शकत. हे त्यांनी उद्धटपणे नाही म्हटलं, थकून म्हटलं, आणि त्यामुळे तिचा राग आणखी भडकला. थकलेल्या माणसावर धड ओरडताही येत नाही.

“तुमच्या अंगातला शर्ट उरलेले दोन तुकडे सांधून शिवलेला असता, पाठीवर मधोमध आडवा जोड, तर घालून आला असतात?”

सरांचा हात नकळत पाठीकडे गेला. मग त्यांनी कात्री उचलली आणि खरोखर कापायला घेतलं. पहिल्या पट्टीचे दोन मीटर बाजूला, एक उरला. दुसरीचे, तिसरीचे. पाच झाल्यावर ते थांबले. टेबलाच्या एका बाजूला पाच लांब पट्ट्या, दुसऱ्या बाजूला पाच आखूड. 

“मला कळतंय,” ते शेवटी म्हणाले. “पण तपासायला वरून माणूस येतो, त्याच्या हातातल्या कागदावर सात आहे. तिला इथे माझ्यासमोर परत सोडवू द्या. सात लिहिलं की चार गुण देतो. बत्तीस होतील.”

त्यांनी कोरा कागद सुतळीपुढे ठेवला.

सुतळीने आत्याकडे पाहिलं. कातरबाईच्या डोळ्यांसमोर ती मागची खोली आली, पाढ्यांनी भरलेली वही आली, घरी कायमचं ठेवलेलं दप्तर आलं. वर्षभर जे ठणकावून सांगितलं ते सगळं तिने गिळलं.

“लिही सात,” ती म्हणाली.

 सुतळी खाली वाकली आणि लिहू लागली. एका आकड्याला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ लिहीत राहिली. सरांनी कागद घेतला, वाचला, पुन्हा वाचला, आणि कातरबाईच्या हातात दिला.

सात शर्ट होतील. त्यातले पाच चांगले होतील. दोन शर्टांना जोड द्यावा लागेल, ते विकताना गिऱ्हाइकाला सांगावे. एक मीटर उरेल.

सरांनी लाल पेनाने चार लिहिले. पेपरावर अठ्ठावीसचे बत्तीस केले आणि खाली सही केली. आखूड पट्ट्या मात्र त्यांनी परत दिल्या नाहीत, खणात ठेवल्या.

रस्त्याने कातरबाई तरातरा चालत होती आणि सुतळी मागे धावत होती. राग उतरला नव्हता. सरांवरचा ओसरला होता, उत्तरं छापणाऱ्यांवरचा होता तिथेच होता, पण आता त्यात एक नवीन राग मिसळला होता आणि तो बाहेरच्या कोणावर काढता येत नव्हता.

“एवढं रामायण कशाला लिहिलंस?” ती मागे न पाहता म्हणाली. “मी सांगितलं होतं ना, सात लिही म्हणून. सरांनी नाही म्हटलं असतं तर?”

सुतळीने पळत येऊन तिची पिशवी धरली.

“नुसतं सात लिहिलं असतं, तर उद्या मला टेबलाखाली बसू दिलं असतंस?”

कातरबाईने पावलं आणखी झपाझप टाकली. बसू दिलं असतं. एक शब्द न बोलता बसू दिलं असतं. आणि सगळ्यात जास्त राग तिला त्याचाच आला होता.